एका दिवशी एकच प्रकरण

वसुधाताई पुस्तक मिटायची ते नेमकं नको तिथे. गोष्टीतली मुलगी विहिरीच्या काठावर उभी आहे, मागून कुणाची तरी पावलं वाजताहेत, आणि ताई पानात बोट घालून म्हणणार, "बास. आता कुकर." सई आणि ओजस, तिची दोन मुलं, तिच्या ओढणीला लोंबकळायची. "आई, एकच पान!"

"पुस्तक कुठे पळून जात नाहीये. एका दिवशी एकच प्रकरण."

मी तिचा धाकटा भाऊ. कसबा पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरी दर रविवारी जेवायला जायचो आणि ते अर्धवट प्रकरण मला आठवडाभर पुरायचं. हिंजवडीच्या बसमध्ये, वाहतूक तुंबलेली असताना, मी त्या मुलीचाच विचार करत बसलेला असायचो. हे मी ताईला कधी सांगितलं नाही. मी तिला फारसं काहीच सांगत नसे. आता पन्नाशी आली, ताई-भाऊजींनी गेल्या वर्षी नाशिकला बिऱ्हाड हलवलं, रविवार मोकळे पडले. तेव्हा म्हटलं, निदान लिहून तरी काढावं.

ताई गाईडं छापणाऱ्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. "इतकी वर्षं 'कोण कोणास म्हणाले' तपासतेय," ती म्हणायची, "पण त्या दोघांचं पुढे काय झालं, ते एकाही पोराला विचारलेलं पाहिलं नाही." ओजस दुसरीत गेला आणि हळूहळू बोलेनासा झाला. घरी हो-नाही एवढंच, शाळेत तेवढंही नाही. बाईंनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "हुशार असेलही हो, पण आम्हाला कळायचं कसं?" ताईने त्यांच्याशी वाद घातला नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "बोलायला आधी सांगण्यासारखं काहीतरी लागतं." महिन्याभरात तिने नोकरी अर्ध्या वेळेवर आणली आणि दोन्ही मुलांना शाळेतून काढलं.

तिचा अभ्यासक्रम जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेला असायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेला. मधोमध पुस्तकाचं नाव, त्यातून चहूकडे बाण. गोष्टीत कुणी शेत मोजलं की क्षेत्रफळ. कुणाला ताप आला की शरीरशास्त्र. कुणी बाजारात गेलं की मुलं पिशवी घेऊन मंडईत. भाऊजी चिडवायचे, "या पुस्तकात कुणी श्रीखंड खातं का, बघ जरा."

"खातं. शेवटून दुसऱ्या प्रकरणात. तोवर आमटी घ्या."

परीक्षा मात्र एकच होती. वाचलेलं प्रकरण अशा माणसाला सांगायचं, ज्याने ते वाचलेलं नाही. सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, चुका काढायच्या नाहीत. ऐकणाऱ्याने आपणहून "पुढे?" म्हटलं की पोर पास. सई मंडईतल्या कोथिंबीरवालीला सांगून यायची, वर एक जुडी फुकट आणायची. ओजस बाहेर कुणाशी बोलायचा नाही. म्हणून त्याच्या वाट्याला मी आलो. पहिल्याच रविवारी तो अडखळत दोन वाक्यं बोलला असेल, तेवढ्यात माझा फोन थरथरला. मी खाली बघत म्हणालो, "अरे वा, छान." स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "ओजस, थांब रे. मामा नापास झालाय. पुढच्या रविवारी परत बसवू त्याला."

ती अचूक होती असं मात्र नाही. एका थंडीत तिने रद्दीच्या दुकानातून समुद्रप्रवासाची एक जाडजूड कादंबरी उचलली आणि सगळा अभ्यास त्या गलबतावर चढवला. तारे, वारे, नकाशे, मिठाचं रसायन, खारवलेल्या माशांऐवजी खारवलेले आवळे. वादळाच्या ऐन मध्यावर पान उलटलं तर पुढे नुसता पुठ्ठा. शेवटची पानं गायब. पुस्तक घेताना ताईने पहिलं पान वाचलं होतं, शेवटचं बघितलंच नव्हतं! माई, म्हणजे ताईच्या सासूबाई, जपाची माळ थांबवून म्हणाल्या, "मुद्रितं तपासते म्हणे." ताई पुठ्ठ्याकडे बघत बसली होती. तेवढ्यात ओजस म्हणाला, "ते बुडलंच नाही." आणि मग का बुडलं नाही, ते सांगतच सुटला. शिडं कुणी कापली, पाणी कशाने उपसलं, सगळं. खाली मेट्रोचं खोदकाम चालू होतं, मांडणीतल्या कपबश्या हलत होत्या, आणि आम्ही सगळे श्वास रोखून त्या गलबतावर होतो.

हे सगळं बघितलेला माणूस मी. आता पुढचं लिहायला हात जड होतोय.

त्या वर्षी मे महिन्यात भाऊजी मला चहाला म्हणून बाहेर घेऊन गेले. भाऊजी साधे माणूस, कारखान्यात पर्यवेक्षक. लग्नकार्यात नातेवाईक विचारायचे, "मुलं घरीच असतात? काही प्रॉब्लेम आहे का?" आणि त्यांची झोप उडायची. सईची त्यांना चिंता नव्हती, ओजसची होती. मला म्हणाले, "वसुधाला विचारलं तर ती पटवूनच देते. तुम्ही शिकलेले, बाहेरचं जग बघता. खरं सांगा, मी त्याला शाळेत घालू का?"

ताईसमोर मी नेहमी "मस्त चाललंय" म्हणायचो. भाऊजींना म्हणालो, "घाला. आधीच मागे आहे तो. पुढे नोकरीच्या मुलाखतीत गलबताच्या गोष्टी सांगणार का? फक्त माझं नाव घेऊ नका." ऑफिसात तरुण पोरांना कामावरून कमी केलेलं मी नुकतंच बघितलं होतं, ती भीती होती. पण भीती वाटणं वेगळं आणि नाव लपवणं वेगळं.

भाऊजींनी शब्द पाळला. जूनमध्ये ओजसच्या पाठीवर दप्तर चढलं आणि ताईने ठरवून टाकलं की हे माईंनीच भाऊजींच्या डोक्यात भरवलं. माई जुन्या वळणाच्या, शाळेच्या बाजूने आधीपासून बोलायच्या, त्यामुळे तिला शंकासुद्धा आली नाही. एका स्वयंपाकघरात दोघी कामापुरतं बोलू लागल्या. "मीठ." "घेतलंय." माईंनी एकदा "मी काही बोलले नाही गं" म्हणून पाहिलं. ताई म्हणाली, "बरं." पुण्यातलं हे "बरं" ज्याला माहीत आहे, त्याला त्याची धार सांगायला नको. मी तिथेच बसून कोशिंबीर खात होतो.

दिवाळीपर्यंत ओजस पुन्हा हो-नाहीवर आला. एका रविवारी मी त्याला म्हटलं, "सांग की काहीतरी." तो म्हणाला, "काही झालं नाही, मामा." तक्रार नव्हती त्यात. एवढ्याशा पोराने असं मोठ्या माणसासारखं बोलावं, ते मला सहन झालं नाही. ताई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगायला लागलो. चहाचं, मुलाखतीचं, नाव घेऊ नका म्हणालो त्याचं. मध्येच मी थांबलो की आता ती ओरडेल असं वाटायचं. ओरडली असती तर मी सुटलो असतो. पण तिने मला एकदाही तोडलं नाही. तिचे हात मेथीत तसेच थांबले होते. माझं संपल्यावर ती म्हणाली, "पुढे?"

"पुढे काही नाही."

"असं कसं? आत माई बसल्यात. पाच महिने मी त्यांच्याशी धड बोललेली नाही. पुढचं तू सांगायचंस."

जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. भाऊजी मान खाली घालून म्हणाले, "विचारलं मी होतं. घातलंही मीच." माईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे इतके दिवस तुमच्या वाटणीची बोलणी मी खाल्ली. आणि तुम्ही वर माझ्याच हातचं थालीपीठ!" ताई उठून त्यांच्याजवळ गेली. म्हणाली, "माई, माझं चुकलं." माई म्हणाल्या, "बरं." पण हे बरं निराळं होतं, कारण पाठोपाठ त्यांनी तिला बसायला आपल्या सतरंजीवर जागा करून दिली.

मग भाऊजींनी एक गोष्ट केली, जी आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती. त्यांनी ओजसला विचारलं, "तुला काय हवंय?"

ओजस दारावरच्या कागदांजवळ जाऊन उभा राहिला. आम्ही कुणी घाई केली नाही. "मला घरी शिकायचंय," तो म्हणाला. "पण पुस्तकं मी निवडणार."

मी ताईकडे बघितलं. त्या दारावरच्या कागदांवर तिचा जीव होता. कुठल्या वयात कुठलं पुस्तक, हे तिने वर्षानुवर्षं मनात जुळवलेलं. स्वतःच्या लहानपणी आवडलेली सगळी पुस्तकं त्यात ओळीने बसवलेली. तिचा चेहरा उतरला, हे लपवायला ती भांडी गोळा करू लागली. "सगळी?" तिने पाठमोरीच विचारलं.

"सगळी."

"माझं एकही नाही?"

ओजस म्हणाला, "सईला वाच ना तुझी. मी ऐकेन."

ताई हसली. हसली म्हणजे आधी थोडी रडली. दुसऱ्या दिवशी तिने कॅलेंडरचा नवा कागद दाराला लावला आणि पेन ओजसच्या हातात दिलं.

त्याने निवडलेलं पहिलं पुस्तक म्हणजे डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीचं मराठी पुस्तक, भाऊजींच्या कारखान्यातल्या कुणाचं तरी, ग्रीसचे डाग पडलेलं. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा वाचन सुरू होतं. गोष्टीतल्या मुलीला विहिरीपाशी नेताना ताईचा जो आवाज लागायचा, त्याच आवाजात ती इंधन नळीतून फिल्टरकडे नेत होती. माई भिंतीला टेकून ऐकत होत्या. एका परिच्छेदापाशी ताई अडली. तिने तो पुन्हा वाचला, आणखी एकदा वाचला, मग चष्मा काढून पुस्तक ओजसपुढे धरलं.

"हे मला काही केल्या कळत नाहीये रे. सांगतोस?"

ओजस तिच्याजवळ सरकला. पाण्याचा तांब्या घेतला, पेनाची नळी घेतली, आणि अजिबात न अडखळता सांगू लागला.