गुरुवारी लटकवलेल्या बाटल्या

पाण्याचा थेंब तेलाच्या थेंबात आणि तो पुन्हा पाण्यात, असे दुहेरी थेंब मी चाकणच्या एका छोट्या कारखान्यात बनवतो. आतल्या पाण्यात गंज रोखणारे औषध असते. तेलाचे कवच प्रकाशाने कडक करून हे थेंब गाडीच्या रंगात मिसळायचे. ओरखडा पडला की कवच फुटून औषध तिथे पोचावे. त्यासाठी केसाएवढ्या तोंडाच्या काचनळ्या एकात एक बसवल्या होत्या. थेंब निघत, पण एक मोठा तर एक लहान. मोठा थेंब रंगावर पुळीसारखा दिसतो. आकारातला फरक तीन टक्क्यांच्या आत हवा होता; माझा अकरा येत होता.

शुक्रवारी गिऱ्हाईक बघायला येणार होते. जमले नाही तर थेंबांचे हे काम बंद आणि मी परत तपासणी विभागात, शिफ्टला, असे मालकांनी सांगून ठेवले होते.

सगळ्यांचा संशय शेजारच्या कारखान्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होता. तिच्या ठोक्यांनी जमीन हादरते. मला ते पटत होते, पण मोजल्याशिवाय दोष द्यायचा नव्हता. गुरुवारी अख्ख्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी, प्रेसही बंद, म्हणून त्याच दिवशी जायचे ठरवले. पिंपळे गुरवच्या घरी मात्र पाण्याची टाकी धुवायची होती. बायको म्हणाली, "तुम्ही थेंबांमागे चाललात, टाकी कोण धुणार?" पुढच्या गुरुवारी, असे कबूल करून निघालो.

गेटवर वॉचमन म्हणाला, "लाइट न्हाई साहेब. गुरुवार हाय, लाइनचं काम चाललंय."

इतकी वर्षे या पट्ट्यात काढून मी शांतता हिशेबात धरली आणि वीज विसरलो. बॅटरीवर सूक्ष्मदर्शक आणि कॉम्प्युटर चालले असते, काचनळ्यांत पाणी-तेल सोडायला सिरिंज दाबणारे पंप नाही.

परत जायचे नव्हते. आतले पाणी, तेल आणि बाहेरचे पाणी यांसाठी तीन रुंद बाटल्या घेतल्या. रुंद अशासाठी, की पातळी पटकन उतरू नये आणि दाब तोच राहावा. दवाखान्यात सलाइन लावतात तशा त्या रॅकला वेगवेगळ्या उंचीवर टांगल्या, नळ्या जोडल्या आणि उंची बोटाबोटाने बदलत बसलो. दुपारपर्यंत थेंब एकासारखा एक पडू लागला. फरक दोन टक्के.

पण एकदम दोन गोष्टी बदलल्या होत्या. प्रेस बंद होती आणि पंपही. श्रेय कोणाला द्यायचे?

शुक्रवारी मालक म्हणाले, शेजाऱ्यांना सांगून तासभर प्रेस थांबवतो.

"नको," मी म्हणालो. "चालूच राहू द्या. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात काय शांतता असणार आहे?"

"आणि फसलं तर, राव?"

"तर मी शिफ्टला जातो."

बाटल्या टांगलेल्याच होत्या. प्रेस सुरू झाली. पडद्यावरचे चित्र प्रत्येक ठोक्याला थरथरले, थेंब मात्र सारखेच पडत राहिले. गिऱ्हाइकासमोर मोजले, तरी दोनच टक्के. म्हणजे दोष पंपाचा होता; तो सिरिंजला बारीक बारीक धक्क्यांनी ढकलत होता आणि प्रत्येक धक्का थेंबात उतरत होता. प्रेस बिचारी उगाच शिव्या खात होती.

गिऱ्हाइकाने किलोभर नमुना मागितला. काचनळ्यांच्या एका साधनातून दिवसाला चिमूटभर माल निघतो. मालक बाटल्यांकडे बघत म्हणाले, "आता अख्खा वॉर्ड उघडावा लागणार."

मी पंप खाली ठेवले आणि दुसऱ्या साधनासाठी नळी कापायला घेतली.