पाचवा लिफाफा

“आधी लिफाफा फोडा, मंग तोंड उघडा.” एवढं बोलून आमचे सुभेदार समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात लाखेनं बंद केलेला लिफाफा ठेवायचे आणि दोन पावलं मागं सरायचे. हुद्द्यानं ते त्या खोलीत सगळ्यांत खालचे, पण घाम फुटायचा तो साहेबलोकांना.

लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. परभणीच्या कडेला फौजेची एक लहानशी छावणी होती, आणि तिच्या कचेरीत मी टायपिस्ट होतो. आमच्या मेजरसाहेबांची आणि त्यांच्या चार अधिकाऱ्यांची जिंतूरच्या डोंगरात नेतृत्वाची परीक्षा होणार होती. बाहेरून येणारे ब्रिगेडियर एकेक लिफाफा फोडून अडचण वाचणार, आणि या पाचांनी तिथल्या तिथं निर्णय द्यायचा. त्यांना तयार करायचं काम सुभेदारांकडं होतं, आणि परीक्षेचे लिफाफेही त्यांनीच करायचे होते, कारण लढाई जवळून पाहिलेला आमच्यात तेवढा एकच माणूस. सुभेदार पोखर्णीचे. नोकरी संपत आलेली. दोन वर्षांची मुदतवाढ या परीक्षेवर अडली होती.

गोदामात त्यांनी वाळूचा नकाशा मांडला. डोंगर, नाला, रस्ता, चुन्यानं आखलेली गावं. एक कॅप्टन बिस्किट खात खात त्यातून सरळ चालत गेले.

“सायेब, जिंतूर मेलं की,” सुभेदार शांतपणे म्हणाले. “बूट काढून येत जा. तुमचा एक पाय म्हंजी शंभर माणसं हायती.”

साहेब हसले. मीही हसलो. साहेब हसले की हसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, मी त्यांतलाच.

सुभेदार मात्र रोज नव्या अडचणी घालायचे, चुकलेल्याला पुन्हा उभं करायचे, जेवायचं विसरायचे. मेजरसाहेबांचं लक्ष घड्याळाकडं. मिशीला पीळ देणं आणि जांभई देणं या दोनच गोष्टी ते मनापासून करायचे.

परीक्षेच्या आठवडाभर आधी सुभेदारांनी मला पाच अडचणी सांगितल्या आणि मी त्या टाइप केल्या; प्रत एकच काढायची होती. टाइप करायला बसण्याआधी मेजरसाहेबांनी मला बाजूला घेतलं होतं. “खाली एक कार्बन घाल, ती प्रत मला दे. आणि तोंड बंद ठेव.”

मी घातला. नोकरी जाईल म्हणून घातला, असं पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर साहेबांनी खांद्यावर हात ठेवला होता, आणि तेवढ्यानंच मी विरघळलो. आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

परीक्षेच्या दिवशी पहिले चार लिफाफे सुरळीत गेले. निम्मं वाक्य वाचून होतंय तोवर निर्णय तयार. ब्रिगेडियर खूश. पाचवी अडचण होती पाण्याची टाकी उलटल्याची, आणि ती बिस्किटवाल्या कॅप्टनांनी घोकली होती. ब्रिगेडियरांनी लिफाफा फोडला. आत हातानं लिहिलेला कागद. “नाल्यापलीकडं...” एवढंच त्यांनी वाचलं आणि कॅप्टन ताडकन उभे राहिले.

“सर, जिंतूरला दोन ट्रक पाठवून ताबडतोब पाणी मागवतो!”

ब्रिगेडियर कागदाकडं पाहत राहिले. “इथं नाल्याला पूर आलाय,” ते म्हणाले. “आणखी पाणी कशाला मागवताय?”

कोणी हसलं नाही. मेजरसाहेब तेवढे चपळाईनं पुढं झाले. “सर, सुभेदारांनी ऐनवेळी लिफाफे बदलून घोळ घातलाय. विचारा या टायपिस्टला.”

ब्रिगेडियरांनी मला विचारलं, “टाइप केलेला कागद बदलला कोणी?”

“सुभेदारांनी,” मी म्हणालो. शब्द खरा होता. माझ्या उभ्या आयुष्यात त्याहून नीच शब्द मी बोललो नाही. कार्बनबद्दल कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कागद पुढं न वाचताच घडी झाला आणि माझ्याकडं फाइलला आला. पाचवा लिफाफा बाद धरून अधिकारी पास झाले. निर्णयातली तत्परता वाखाणण्याजोगी, असा शेरा मीच टाइप केला. मुदतवाढ नामंजूर झाल्याचं पत्रही मीच टाइप केलं.

सुभेदार निघाले त्या दिवशी एसटी स्टँडवर गेलो. ट्रंकेवर बसले होते. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, “तुमच्या बोटाला कार्बन लागलेला मी त्याच दिशी बगितला, बाबू.”

“मग तक्रार का नाही केलीत?”

“मला बगायचं होतं, पाचातला एक तरी पुरतं ऐकून घेतो का.” मग विचारलं, “तुमी तरी वाचला का त्यो कागद?”

“नाही. तसाच फाइलला लावला.”

“मंग वाचा सवडीनं,” ते म्हणाले. मला जयभीम घातला आणि पोखर्णीच्या गाडीत चढले.

कचेरीत येऊन कागद उलगडला. ‘नाल्यापलीकडं आपले सात जखमी आहेत. पाणी चढत आहे. ट्रक एक, त्यात चौघं मावतात. अधिकारी निघा म्हणतात. कोणाला आणाल? नावं घेऊन सांगा.’ खाली सात नावं होती, रचलेली नव्हेत, लढाईतली खरी; प्रत्येकापुढं त्याचं गाव. पहिल्या चौघांपुढं आणखी काही नव्हतं. शेवटच्या, मागं राहिलेल्या तिघांपुढं त्यांच्या बायकांची नावं होती, आणि कोणाला किती लेकरं तेही लिहिलं होतं.