कोथरूडची शेळी खडकवासल्याला

कोथरूडहून खडकवासल्याच्या पुढच्या एका गावाला जायला दोन बस लागतात. त्याआधी कुकर लावायचा, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या, सोसायटीच्या टँकरवाल्याला दोनदा फोन करायचा. एवढा प्रवास घरातच होतो. बालसाहित्यिकेला पहाटे पऱ्या दिसतात, असा वाचकांचा समज आहे. मला दुधाच्या पिशव्या दिसतात.

बरोबर नव्या पुस्तकाची संहिता होती. चंपी नावाची शेळी मुसळधार पावसात ओढा ओलांडते आणि हरवलेलं करडू (शेळीचं पिल्लू) घेऊन येते, अशी गोष्ट. चित्रं तयार होती, दुसऱ्याच दिवशी पुस्तक छपाईला जाणार होतं. तरी शेवटाबद्दल मनात धाकधूक होती. मुलांसमोर एकदा वाचून पाहावं, म्हणून त्या गावच्या शाळेचं आमंत्रण मी लगेच स्वीकारलं.

दुसऱ्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "धरणावर फिरायला का?"

"नाही, मुलांना गोष्ट सांगायला."

"मग पुढे सरका. दार अडवू नका."

पुण्यात साहित्याची कदर साधारण अशीच होते. धरणाशी उतरून, गावाकडे चालू लागण्याआधी, मी एक भाजलेलं कणीस खाल्लं आणि कार्यक्रमासाठी नेसलेल्या साडीवर तिखट-मीठ-लिंबू सांडून घेतलं. पाणी मात्र सुंदर दिसत होतं.

शाळेत आधी सत्कार झाला. शाल, नारळ, मग तीन भाषणं. तिन्हींत बालपण किती निरागस असतं ते सांगितलं गेलं, आणि तोवर बालपण सतरंजीवर एकमेकांना चिमटे काढत होतं. माझ्या वाट्याला खिचडी शिजेपर्यंतचा वेळ उरला.

मी वाचू लागले. मुलं चक्क गप्प झाली. चंपी ओढ्यात उतरली आणि मी आवाज आणखी हळवा केला. तेवढ्यात पुढे बसलेली चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, शेळी पावसात जात न्हाई."

"पण तिचं पिल्लू बाहेर आहे ना?"

"असू द्या की. चार थेंब पडलं की आमची शेळी गोठ्यात पळती. करडू बाहेर राहिलं तर आतनं वरडती नुसती."

"मग करडू आणतं कोण?"

"मीच की. पोतं घेती डोक्यावर आन् जाती."

मुलं हसली. गोष्टीला नव्हे, मला. सतरा पुस्तकं लिहिलेल्या बाईने शेळ्या बसच्या खिडकीतूनच पाहिल्या होत्या. मला खरोखर लाज वाटली.

"ओढ्याला पाणी आलं तर भीती नाही वाटत?"

"वाटती की," ती म्हणाली. "रडत जाती."

खिचडीची घंटा झाली आणि ती ताटली घेऊन पळाली.

परतीच्या बसमध्ये मी शेवटची पानं पुन्हा वाचली. चंपी शूर होती, त्यागी होती, आणि शेळी अजिबात नव्हती. आई कशी असावी या प्रवचनालाच मी चार पाय लावून उभं केलं होतं. ज्यांच्यासाठी लिहिते, त्यांनाच गोष्टीबाहेर ठेवलं होतं. स्वारगेट यायच्या आत प्रकाशकांना फोन केला.

"उद्याची छपाई थांबवा."

"अहो बाई, चित्रं झालीत! शेळी ओलीचिंब आहे."

"तिला पुसून गोठ्यात बांधा. ओढ्यात एक मुलगी काढायला सांगा."

"शूर चेहऱ्याची ना?"

"नाही," मी म्हणाले. "रडणारी. पण करडू तिच्या कडेवर हवं."