बाजूला काढलेलं कणीस

पळसदरीच्या धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर एक मावशी कणसं भाजत बसते. इतकं तापट माणूस कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यात दुसरं नसेल. कणसाला मीठ-लिंबू चोळता चोळता ती गिऱ्हाइकालाच झापते. "पाण्यात उतरू नका रं! फोटो काढाया आलाव का मराया?" पोरं हसतात आणि तिचाच व्हिडिओ काढतात.

दर रविवारी फिरायला जाताना मीही तिचं ऐकून घेतो. मला पोहता येतं असं एकदा सांगितलं, तर म्हणाली, "ते पाण्याला ठावं हाय का?"

धरणाकडे गेलेल्या प्रत्येकामागे ती एक कच्चं कणीस गोणपाटावर बाजूला काढायची. माणूस परतला की कणीस पुन्हा टोपलीत. मला वाटायचं, धंद्याची युक्ती असेल. परतताना भूक लागतेच.

एका रविवारी परतताना मी धरणापलीकडच्या पायवाटेने थेट स्टेशन गाठलं. पुढच्या रविवारी मला बघताच तिने निखाऱ्यांना वारा घालायचा पुठ्ठा माझ्या अंगावर फेकला.

"कुठनं गेलास रं मुडद्या? समदी आली, तुझं एक कणीस तसंच! दिवे लागले तरी बसले व्हते मी!"

मी पुठ्ठा उचलून दिला. तिने माझं कणीस बाजूला काढलं.

त्या दिवशी मी आल्या वाटेनेच परतलो. तिने मला लांबूनच पाहिलं, कणीस टोपलीत टाकलं आणि मग निवांतपणे पुढच्याला झापायला घेतलं.