अ, ब आणि आमची विहीर

मी शेतकी पदवीधर. हळदीच्या कंदाला कूज काहून लागते, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो. चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, आठ वर्षं वारंगा फाट्यावर खता-बियाण्यांचं दुकान चालवलं आणि छत्तिसाव्या वर्षी सीईटी देऊन लॉला गेलो. लोक विचारतात, काहून? तर दुकानात गिऱ्हाईक रोज भांडायचं आणि रोज मीच हरायचो. म्हटलं, हे भांडण एकदा रीतसर शिकूनच घेऊ.

वर्गातली सगळी पोरंपोरी बावीस-तेवीसची. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तसा अख्खा वर्ग उभा राहिला. कोण आलं म्हणून मीच मागं वळून पाहिलं. पहिल्या चाचणीत कराराचे आवश्यक घटक विचारले होते. मी आपला सवयीनं ‘करारासाठी अनुकूल परिस्थिती’ असा मथळा टाकला आणि खाली पाच मुद्दे पाडले. सरांनी लाल शाईनं शेरा मारला, ‘हवामान राहिलं.’

असं रखडत शेवटच्या वर्षाला आलो आणि मूट कोर्ट आलं. मूट कोर्ट म्हणजे लुटुपुटूचं कोर्ट. खटला कागदावरचा, पक्षकार कागदावरचे, फक्त घाम खरा. आमच्या कागदावर असं होतं: ‘अ’नं ‘ब’ला दोन एकर जमीन विकली. विकताना तोंडी सांगितलं, माझ्या विहिरीचं पाणी आठवड्यातून दोन दिवस घेत जा. सहा वर्षं पाणी दिलं, सातव्या वर्षी बंद केलं. ‘ब’ची उभी हळद वाळली. ‘ब’ कोर्टात गेला. चिठ्ठ्या टाकल्या, मला ‘अ’ आला. सर म्हणाले, “चार लोकांसमोर बोलून सराव करा, तुमचा आवाज फार लवकर चिडतो.”

चार लोक कुठून आणू? आमच्या शेतात त्या आठवड्यात हळद शिजत होती. हळद उकडायचा मोठा कुकर धडधडत होता, बायामाणसं वाफ निघायची वाट पाहत बसली होती. मी कुकरच्या बाजूला उभा राहिलो आणि सुरू केलं, “महोदय, माझे अशील ‘अ’...”

“कोण्या गावचा?” एका म्हातारीनं विचारलं.

“गाव न्हाई मावशी. नुसता अ.”

“आडनाव?”

“आडनावबी न्हाई!”

“मग पोरीबाळी कशा देतात त्याच्या घरात?”

माझं डोकं सटकलं, पण बोलत राहिलो. पाणी तोडल्याचा भाग आला तसा सगळ्यांचा चेहराच बदलला. गडी कामं सोडून जवळ सरकले. ‘ब’ कुरुंद्याकडचा असणार, हे त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, हळदीचा माणूस म्हणून. ‘अ’ला मात्र कोणी आपल्या तालुक्यात घेईना. शेवटी त्याला जिल्ह्याबाहेर काढला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कुकरखाली लाकडं सारत ऐकत होते. भाषण संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “तू कोणाकडून?”

“अ कडून.”

“काहून?”

“चिठ्ठी तशी निघाली, अण्णा. आणि कायदाबी अ च्याच बाजूनं हाय. ब कडं पाण्याचा कागदच न्हाई.”

आमच्या धुऱ्याला लागून एका चाचांचं शेत आहे. अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या शेतात बोअर फेल, विहीर कोरडी. म्हणून आमच्या विहिरीचं पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना जातं. किती वर्षं झाली, कुणी मोजली नाहीत. कागदबिगद काही नाही. चाचा त्या दिवशी तिथंच बसले होते. ते हातातला चहा तसाच ठेवून म्हणाले, “बेटा, मेरा पानी बी इसीच कायदे में आता क्या?”

आणि मी महामूर्ख, खरं उत्तर दिलं. “व्हय चाचा. कायद्यानं पाहिलं तर तसंच.”

अण्णा उठले. “मंजे उद्या मी न्हाई राहिलो, तर तू चाचाचं पाणी तोडशील.”

“अण्णा, हे खोटं कोर्ट हाय!”

“कोर्ट खोटं असल. तू तर खरा हाईस न?”

त्या दिवसापासून अण्णांनी माझ्या पंगतीला जेवणं सोडलं. मी स्वयंपाकघरात गेलो की ते ताट घेऊन ओसरीवर. माय दोघांमध्ये भाकरी घेऊन हेलपाटे घालायची आणि म्हणायची, “त्या मेल्या अ ला एकदाचं मरू दे म्हणावं.” मला रागही येत होता आणि रडूही. बापाला आपला एवढाही भरवसा नाही? आणि चाचा त्या शुक्रवारी पाणी घ्यायला आलेच नाहीत. अण्णांनी स्वतः जाऊन त्यांच्याकडचा व्हॉल्व्ह फिरवला.

मूट कोर्टाच्या दिवशी मी मित्राच्या लग्नातला काळा कोट घातला. पांढरा शर्ट हळदीच्या हातांनी आधीच पिवळा झालेला. हॉलमध्ये न्यायाधीश म्हणून बाहेरगावचे एक ज्येष्ठ वकील बसले होते. मी उभा राहिलो आणि खाली गावातल्या पिकअपचा ओळखीचा हॉर्न वाजला. पाच मिनिटांत आमचं अर्धं गाव मागच्या बाकांवर. त्यांच्यात पुढं अण्णा, शेजारी चाचा. म्हातारी मावशीसुद्धा आली होती, ‘ब’ला पाहायला.

मी बोलत गेलो. आवाज नीट लागला. “महोदय, ब कडे दस्त नाही, नोंदणी नाही, साक्षीदार नाही...”

“हाय!” मागून अण्णा उभे राहिले.

न्यायाधीश चष्म्यावरून पाहत म्हणाले, “आपण कोण?”

“मी अ च्या वकिलाचा बाप. पण मी ब कडून हाय.”

हॉल हशानं दणाणला. माझ्याविरुद्ध उभी असलेली तेवीस वर्षांची पोरगी टुणकन उठली आणि म्हणाली, “सर, हे आमचे साक्षीदार!” मूट कोर्टात साक्षीदार नसतात, मी ओरडून सांगत होतो. पण न्यायाधीशांना मजा वाटली असणार. म्हणाले, “दोन मिनिटं. अ च्या वकिलांनी उलटतपासणी घ्यावी.”

आता बापाची उलटतपासणी! मी विचारलं, “तोंडी बोलीनं पाणी देताना कागद केला होता का?”

“न्हाई.”

“मग पाणी दिल्याला साक्षीदार कोण?”

अण्णा माझ्याकडं पाहत म्हणाले, “तू. शाळेत होतास तवापासून मंगळवारी चाचाचा व्हॉल्व्ह कोण फिरवायचं? इसरलास काय?”

टिपणाचे कागद हातात होते, त्यांच्यावर पिवळी बोटं उमटलेली. मी म्हणालो, “आणखी प्रश्न नाहीत,” आणि खाली बसलो.

निकाल ‘अ’च्या बाजूनं लागला. कागद नाही म्हणजे नाही. न्यायाधीश मात्र जाताजाता म्हणाले, “कायद्यानं अ जिंकला, पण उलटतपासणीत त्याचा वकील हरला.” सरांनी मला पासापुरते मार्क दिले. मावशीनं जिन्यावर त्या पोरीला पोटाशी धरून सांगितलं, “बाई, ब ला म्हणावं, हिंमत सोडू नको.”

परत येताना पिकअपमध्ये सगळे ब चीच बाजू लढवत होते. फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा मीच म्हणालो, “अण्णा, चाचाच्या पाण्याचा कागद करू. मीच लिहितो, रजिस्टरी करू. मंजे मी असो नसो, माझं पोरगं असो, कोणालाच तोडता येणार न्हाई.”

झालं! आता दोघंही माझ्यावर भडकले. अण्णा म्हणाले, “आमच्यात कागद? लाज वाटत न्हाई?” चाचा म्हणाले, “तेरे बाप के जबान पर कागद चिपकाता क्या?” मग चाचाच हळूच हसले. “लिख बेटा. लिख. तुझा हात तरी बसल.”

घरी येऊन मी माझ्या आयुष्यातला पहिला दस्त लिहिला. विहिरीचा गट नंबर, चाचांचा मंगळवार, चाचांचा शुक्रवार, पिढ्यान्‌पिढ्या. अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून सगळा ऐकला.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “एक राहिलं.”

“काय?”

“ब ला बुधवार लिही.”

“अण्णा, ब कुठंच न्हाई! तो कागदावरचा माणूस हाय.”

“मग कागदावरच लिही की. आपला बुधवार तसाबी मोकळाच असतो. पुढच्या साली तरी त्याची हळद वाळू नये.”

मी चिडलो, समजावलं, कायदा सांगितला. अण्णा हलेनात. शेवटी लिहिलं, ‘ब यांस बुधवार.’ मग अण्णांनी सही केली, चाचांनी सही केली आणि माय आतून ओरडली, “ताटं वाढली, दोघंबी आत या.”

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या बाबूनं तो दस्त दोनदा वाचला आणि म्हणाला, “हे ब कोण? त्यांचं आधार कार्ड लागेल.” ब ला काढायला अण्णा आजही तयार नाहीत. म्हणून दस्त अजून बिननोंदणीचाच पडलाय. मी आता वकील आहे, आणि मंगळवारी, शुक्रवारी चाचांचा व्हॉल्व्ह मीच फिरवतो. बुधवार ब चा, म्हणून त्या दिवशी आमची मोटर बंद असते.