आवाज नसताना

दवाखान्यात तिला सगळे कानवाली म्हणत. काम म्हटलं तर सोपं. जाड भिंतींच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेबाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. पण काही जण तिने आवाज सोडलेलाच नसतानाही बोट वर करत. चौकशी केली की कळे, घरातलं कुणीतरी नुकतंच गेलेलं. ती कागदावर ‘चूक’ असं लिही आणि पुढच्याला हाक मारी.

मग तिचाच नवरा गेला. त्यानंतर तिने कादंबरी लिहायला घेतली, पुढच्या शतकातली. त्यात एक यंत्र होतं. भिंतींत मुरलेले आवाज ते परत ऐकवायचं.

“भाजीत मीठ घालायचं सुचत नाही,” सासूबाई म्हणत, “आणि म्हणे भिंतींचं ऐकते!”

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात तिच्याशी गप्पा ठेवल्या. पंचवीस खुर्च्या मांडल्या, अकरा माणसं आली. त्यातली दोन पंख्यासाठी. पहिल्या रांगेत सासूबाई होत्या. ‘झोपेतच गेले हो,’ असं तिने त्यांना सांगितलं होतं. खरं काय ते पुस्तकाच्या शेवटच्या पानावर होतं. ते पान अजून काढता आलं असतं.

बोटांची गोष्ट तिने सांगितली. लोक हसले, मग हसायचे थांबले.

ग्रंथपालांनी विचारलं, “मग शेवटी ते यंत्र तुमच्या नायिकेला काय ऐकवतं?”

काहीतरी थाप तिच्या अगदी ओठांवर आली होती.

“नवऱ्याची हाक,” ती म्हणाली. “भर दुपारी मारलेली. ती ‘आले हं’ म्हणाली आणि हातातलं काम करत बसली. गेली तेव्हा उशीर झाला होता.”

तेवढ्यात पहिल्या रांगेत एक बोट वर झालं.

“विचारा ना, आजी,” ग्रंथपाल म्हणाले.

“विचारायचं काही नाही,” सासूबाई म्हणाल्या. “त्या बाईची सासू पलीकडच्या खोलीत होती. हाक तिलाही ऐकू आली होती. तिला वाटलं, सून उठेल. तेवढं घाल त्यात.”

दोघी घरी आल्या. आल्या आल्या कानवालीने शेवटचं पान पुढ्यात घेतलं आणि सासूला त्यात जागा करून दिली. सासूबाई समोर बसून लसूण सोलत होत्या. तो गेला त्या आतल्या खोलीचं दार नेहमीसारखं ओढलेलं होतं.

सोलता सोलता त्यांचा हात थांबला. मान दाराकडे वळली आणि बोट हळूच वर झालं.

कानवालीला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं.

“आले हं,” ती म्हणाली, आणि उठली.