रुमालाखालचा इंटरव्ह्यू

तमाम भाऊबंद, वहिन्या, सुरत-अहमदाबादेकडे पांगलेले चुलतभाऊ आणि तापीकाठी अजून केळीला पाणी देत बसलेले शहाणे, या सर्वांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, व्यवस्थापनाच्या मोठ्या शाळेत प्रवेश कसा मिळवावा याचं रहस्य मी आज उघड करणार आहे. मुलाबाळांना जवळ बसवा. ज्यांचे पाय थरथरतात त्यांना पुढे घ्या.

साठच्या दशकातली गोष्ट. नंदुरबार स्टेशनवर मी इंटरव्ह्यूला निघालो होतो आणि सुरतेची गाडी येऊच नये म्हणून मनातल्या मनात नवस बोलत होतो. अहमदाबादेत धंदा शिकवणारी शाळा निघाल्याचं कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं. देशभरातून मुलं येणार, घेणार मूठभर. नाही घेतलं तर गावात तोंड कसं दाखवायचं, ही एक भीती. घेतलं तर गावच सुटणार, ही दुसरी, आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

सल्ले मात्र बैलगाडीभर मिळाले होते. गावच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, प्रत्येक वाक्याला 'सर' लाव. मोतीमामा म्हणाले, "हासू नको भाचा, दात दखीसन वय वळखतस!"

मामांचं जग बैलांचं. आप्पांचंही. आप्पा म्हणजे माझे वडील. गावात कुणाला बैलजोडी घ्यायची झाली की बाजाराला आप्पांना सोबत नेत. सौदा रुमालाखाली चाले. दोघांनी हात झाकायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून चकार शब्द नाही. भाव मोठ्यानं बोलला तो अडाणी. आणि जो बैल विकायचाच नाही तो 'घरना माल', त्याला भावच नसतो. गाडीचा धूर दिसला तसा आप्पांनी खांद्यावरचा लाल रुमाल माझ्या हातात कोंबला. "भिऊ नको भाऊ. चार लोकेसमोर आपला भाव तोंडवर आनू नको."

अहमदाबादेतल्या त्या खोलीत तीन प्रोफेसर होते. तिघांना टाय, मला घाम. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि इथं इंग्रजी अशी धो-धो की निम्मं डोक्यावरून गेलं. मी 'सर, सर' करत राहिलो. गुडघे एकमेकांवर आपटत होते, त्यांना ऐकू जाईल म्हणून मी ते रुमालानं दाबून धरले. मग मधल्या पिकल्या केसांच्या प्रोफेसरांनी विचारलं, "स्वतःला दहापैकी किती द्याल?"

झालं! तिघांच्या देखत, तोंडानं? भीतीनं माणूस काय करतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. मी उठलो, टेबलावर वाकलो, उजव्या हातावर लाल रुमाल टाकला आणि तो हात तसाच त्यांच्यापुढे धरला.

दोघं खुर्चीत मागे सरकले. त्या म्हाताऱ्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं आणि सराईतासारखा आपला हात रुमालाखाली घातला. मी बोटं दाबली. किती, ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. "किती? किती म्हणाला?" बाकीचे दोघं विचारू लागले. म्हातारे रुमाल झटकून म्हणाले, "तो आमच्या दोघांतला व्यवहार आहे."

मला घेतलं.

आता टेबलाच्या पलीकडे मी बसतो. समोर पुण्या-दिल्लीची पोरं आपला भाव खणखणीत आवाजात सांगतात, आणि माझेच गुडघे आपटू लागतात. म्हणून पुतण्यांनो, अर्जात काय लिहू, इंटरव्ह्यूला काय बोलू, असं मला विचारता, तेव्हा एवढंच सांगतो: दुसऱ्याची जीभ उसनी नेऊ नका. भीती लपत नाही, तेव्हा तीही सोबत असू द्या.

पण खरी भीती मला त्या खोलीत वाटलीच नव्हती. ती वाटली जूनमध्ये, त्याच स्टेशनवर, पत्र्याची ट्रंक घेऊन कायमचा निघालो तेव्हा. हॉस्टेल, मेस, अनोळखी माणसं, आणि परतीचं तिकीट खिशात नाही. आप्पांनी खिडकीतून हात आत घातला, वर रुमाल टाकला आणि माझी बोटं दाबली. एक नाही, दोन नाही, सगळीच, आणि सोडेनात. हा कुठला भाव, मला उमगेना. गाडी हलली. ते सोबत चालू लागले, मग पळू लागले, हात सुटला. आणि जन्मभर बाजारात एक शब्द न बोललेला तो माणूस भरल्या फलाटावर ओरडला,

"नई जमनं त परत ये रे भाऊ! माल घरना शे!"